खतावणीचा कारकून किती वेळा उठतो? इव्हेंट सोर्सिंगमधल्या जादा वाचनांविषयी



तत्त्वज्ञानाच्या माणसाने डेटाबेसवर काय बोलावं, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. स्मृती म्हणजे काय, साक्षीदाराचं म्हणणं कधी ग्राह्य धरायचं, वाक्याला अर्थ कशामुळे येतो, हे प्रश्न आम्ही हयातभर शिकवत आलो. सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आज हेच प्रश्न वेगळ्या नावांनी विचारत आहेत. नावं वेगळी असल्यामुळे त्यांना वाटतं की हे प्रश्न फक्त वेगाचे आहेत. आमची आजची टीका एवढ्यापुरतीच आहे.

विषय छोटा आहे. इव्हेंट सोर्सिंग नावाची एक पद्धत आहे. तिच्यात प्रोजेक्शन नावाचा एक भाग असतो, आणि हे प्रोजेक्शन डेटाबेसला गरजेपेक्षा फार जास्त वेळा वाचायला जातं. ही वाचनं कमी कशी करायची? या प्रश्नाला आज मिळणारं उत्तर बहुतेक वेळा अर्धंच असतं, असं आमचं म्हणणं आहे. उरलेलं अर्धं सोडून दिलं तर एखाद्या गरीब माणसाचे पैसे कागदावरून नाहीसे होऊ शकतात. ते कसं, हे आपण सावकाश पाहू.

रोजकीर्द आणि खतावणी

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. साध्या पद्धतीत डेटाबेसमध्ये सध्याची स्थिती ठेवलेली असते. खात्यात ५०० रुपये होते, ५० जमा झाले, की ५०० पुसायचे आणि ५५० लिहायचे. इव्हेंट सोर्सिंगमध्ये पुसणं नाही. ‘अमुक वेळी, अमुक खात्यात ५० रुपये जमा झाले’ ही घटना क्रमाने लिहून ठेवायची. शिल्लक हवी असेल तेव्हा घटनांवरून ती काढायची. मार्टिन फाउलर यांचा २००५ सालचा याच नावाचा लेख प्रसिद्ध आहे. ग्रेग यंग यांनी लिहिण्याची बाजू आणि वाचण्याची बाजू वेगळी ठेवण्याचा विचार सीक्यूआरएस या नावाने पुढे नेला. त्याचं मूळ बर्ट्रांड मेयर यांच्या जुन्या तत्त्वात आहे: विचारणं वेगळं आणि बदलणं वेगळं.

आपल्याकडे ही कल्पना समजावून सांगायला परदेशी शब्दांची गरजच नाही. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची क्रमाने केलेली नोंद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अशा रोजकिर्दी रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत. त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवण्याच्या कामाला आपण खतावणी म्हणतो. इव्हेंट सोर्सिंगमधला घटनांचा साठा म्हणजे रोजकीर्द आणि प्रोजेक्शन म्हणजे खतावणी. रोजकीर्द शाबूत असेल तर खातेवही जळली तरी पुन्हा तयार करता येते. या पद्धतीचं सगळ्यात मोठं आश्वासन हेच आहे, आणि आजची चर्चा त्याच्याशी जोडलेली आहे.

हिशेब मांडून पाहू

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे. पिग्मी ठेव. या योजनेची सुरुवात १९२८ साली उडुपीत, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने केली. आज आपल्या पतसंस्थांमध्ये ती सर्रास दिसते. एजंट दुकानोदुकानी, हातगाडीपर्यंत जातो, रोज २०, ५०, १०० रुपये गोळा करतो आणि संध्याकाळी संस्थेत भरणा करतो. त्याला गोळा केलेल्या रकमेवर कमिशन मिळतं.

समजा, एका एजंटचे १५० खातेदार आहेत. संध्याकाळी त्याच्या यंत्रातून १५० घटना येतात. प्रत्येक घटनेत खाते क्रमांक, एजंट क्रमांक, रक्कम आणि वेळ आहे. प्रोजेक्शनं तीन आहेत: खातेदाराची शिल्लक, एजंटची वसुली व कमिशन, आणि शाखेची दिवसाची जमा.

आता सरळमार्गी प्रोग्रामर काय लिहितो? एक घटना आली. शिल्लक वाच, ५० मिळव, परत लिही. एजंटची ओळ वाच, मिळव, लिही. शाखेची ओळ वाच, मिळव, लिही. कमिशन काढायला दर हवा, म्हणून एजंटांच्या टेबलातून दर वाच. अहवालात नाव छापायचं आहे, म्हणून खातेदारांच्या टेबलातून नाव वाच. पुढची घटना. पुन्हा तेच.

एका घटनेला पाच वाचनं. १५० घटनांना ७५०. त्यातली शाखेची ओळ एकच आहे, पण ती १५० वेळा वाचली. एजंटची ओळ एकच, तीही १५० वेळा. दर एकच, १५० वेळा. हा कारकून प्रत्येक नोंदीला खुर्चीवरून उठतो, कपाटापर्यंत जातो, तीच वही काढतो, एक आकडा लिहितो, वही परत ठेवतो, आणि पुढच्या नोंदीला पुन्हा उठतो.

एका संध्याकाळी हे कुणाला जाणवत नाही. आता वर्षाचे ३०० दिवस धरा. एका एजंटची २,२५,००० वाचनं झाली. जाण्यायेण्यासह एका वाचनाला दोन मिलिसेकंद धरले, तर नुसत्या वाचनांना साडेसात मिनिटं. असे ४० एजंट असतील तर पाच तास. लिहिण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

हे पाच तास रोज लागत नाहीत, ते लागतात रिप्लेला, म्हणजे रोजकिर्दीवरून खातेवही नव्याने बांधताना. त्यामुळे एखाद्या अहवालात चूक सापडली की पद्धतीच्या नियमानुसार पुनर्बांधणी करायची, पण मंडळी म्हणतात, ‘राहू द्या, पाच तास यंत्रणा अडकेल, तेवढी एक ओळ हाताने दुरुस्त करा.’ एकदा हाताने दुरुस्ती झाली की खातेवही रोजकिर्दीवरून निघते हे म्हणणं संपलं. जादा वाचनांचं पहिलं खरं नुकसान हे आहे. यंत्र दमतं ही बाब दुय्यम. पद्धतीचं मुख्य आश्वासन कागदावरच राहतं, ही मुख्य.

सन्निधी: एकत्र यायला हवं ते एकत्र येत नाही

अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह आमच्या पिढीने पाठ केला. शब्दांतून वाक्यार्थ कळायला तीन गोष्टी लागतात, असं तिथे सांगितलं आहे: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. योग्यता म्हणजे जोडलेल्या अर्थांचा एकमेकांशी बाध न येणं. सन्निधी म्हणजे शब्द जवळजवळ उच्चारले जाणं. एक शब्द आत्ता उच्चारला आणि दुसरा प्रहराने, तर ऐकणाऱ्याला वाक्य कळत नाही. आजच्या विषयाला आम्ही हेच माप लावणार आहोत. क्रम मात्र सोयीसाठी बदलू, आणि सन्निधीपासून सुरू करू.

वर सांगितलेल्या ७५० वाचनांपैकी ४५० ही प्रोजेक्शनची स्वतःचीच ओळ पुन्हा वाचण्याची आहेत. हा सन्निधीचा दोष आहे. शाखेच्या जमेच्या १५० घटना मिळून एकच विधान होतं: ‘आज एवढे जमा झाले.’ आपण ते तोडून तोडून ऐकतो आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘मघाशी काय म्हणालात?’ असं विचारतो.

उपाय जुना आहे आणि शहाणा कारकून तो न शिकवता करतो. आधी दिवसाच्या नोंदी खात्यांनुसार लावून घ्यायच्या. ज्या खात्यांना हात लागणार आहे तेवढ्यांची पानं एकदाच काढायची. बेरजा मनात करायच्या आणि प्रत्येक पानावर एकदाच लिहायचं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर घटनांची एक तुकडी घ्या, ओळखक्रमांकानुसार गट पाडा, त्या सगळ्या क्रमांकांच्या ओळी एकाच क्वेरीत मागवा, स्मरणात घडी घाला, आणि शेवटी एकत्र लिहा. आपल्या उदाहरणात १५० खात्यांसाठी एक क्वेरी, एजंटसाठी एक, शाखेसाठी एक. ४५० फेऱ्यांच्या जागी तीन. पोस्टग्रेसवर चालणारं मार्टेन नावाचं साधन पार्श्वभूमीतल्या प्रोजेक्शनांसाठी याच धर्तीवर घटनांचे गट पाडून काम करतं. दुसरं साधन वापरणाऱ्यांना हे स्वतः लिहावं लागेल, पण ते अवघड नाही.

रिप्लेच्या वेळी तर आणखी सोपं आहे. जुनी खातेवही रिकामी करूनच आपण बसलेलो असतो. तिथे वाचायला जाणं म्हणजे आत्ताच आपण काय लिहिलं, हे आपल्यालाच विचारणं. ते हाताशी ठेवलं की झालं.

हाताशी ठेवणं याला कॅशिंग म्हणतात. त्याला दोन अटी आहेत. पहिली, एका खात्याच्या घटना एकाच कारकुनाकडे गेल्या पाहिजेत. दोन कारकून एकाच खात्याची आपापली प्रत हाताशी ठेवून बसले, तर दोघांच्याही प्रती खोट्या होतात. म्हणून खाते क्रमांकानुसार कामाची वाटणी करायची. दुसरी, लिहिताना काही बिघडलं तर हाताशी असलेली प्रत टाकून द्यायची आणि खरी ओळ पुन्हा वाचायची. अशा वेळी वाचन वाचवायला जाऊ नये.

आणखी एक युक्ती सांगितली जाते: वाचूच नका, डेटाबेसलाच सांगा की आहे त्यात ५० मिळव. फेरी वाचते, हे खरं. पण घटना पोचवणाऱ्या बऱ्याच यंत्रणा ‘किमान एकदा’ पोचवण्याची हमी देतात. ‘एकदाच’ ही हमी नसते. तीच घटना दोनदा आली की ५० दोनदा मिळवले जातील आणि कुणाला कळणारही नाही. म्हणून ही युक्ती वापरायची तर ‘अमुक क्रमांकापर्यंतच्या घटना चढवल्या’ ही खूण त्याच व्यवहारात, त्याच क्षणी लिहिली गेली पाहिजे. बेरीज आणि खूण दोन्ही टिकतील, नाहीतर दोन्ही जातील.

स्नॅपशॉटबद्दल फार बोलत नाही. दहा वर्षांच्या नोंदी पुन्हा पुन्हा न वाचता वर्षाअखेरची शिल्लक पुढे ओढायची, हे प्रत्येक हिशेबनिसाला माहीत आहे. एवढंच लक्षात ठेवा की पुढे ओढलेली शिल्लक ही सोय आहे. हिशेबाचा नियम बदलला की ती टाकून पुन्हा काढायची. ती आहे म्हणून रोजकीर्द फेकायची नाही.

इथपर्यंतचं सगळं बहुतेक जाणकार सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण बहुतेक व्याख्यानं इथेच संपतात. आमची तक्रार इथून सुरू होते.

आकांक्षा: अर्धवट घटना

आपण ४५० वाचनं सोडवली. उरली ३००. त्यातली १५० दराची आणि १५० नावाची. घाईत असलेला माणूस म्हणतो, तोच उपाय. दर एकदा वाचा, हाताशी ठेवा. १५० चं एक झालं. मार्टेनमध्येही तुकडीतल्या घटनांना लागणारी संदर्भमाहिती एकत्र आणून जोडून देण्याची वेगळी पायरी आता मिळते. आलेख खाली येतो, सगळे खूश होतात.

थांबा. ही वाचनं त्या ४५० च्या जातीची नाहीत. शिल्लक वाचताना प्रोजेक्शन स्वतःचंच लिहिलेलं आठवत होतं. दर वाचताना ते दुसऱ्याला विचारतं आहे. आणि ज्याला विचारतं आहे, तो आजचं उत्तर देतो.

समजा, गेल्या वर्षी एजंटला तीन टक्के कमिशन होतं. त्याने वर्षभरात १२ लाख रुपये गोळा केले. कमिशन ३६,००० रुपये झालं. एप्रिलमध्ये संस्थेने दर अडीच टक्के केला. जुलैमध्ये अहवालातली कुठलीतरी वेगळीच चूक सुधारायची म्हणून पुनर्बांधणी केली. प्रोजेक्शन गेल्या वर्षीच्या प्रत्येक घटनेला दर विचारतं आणि टेबल आजचा दर सांगतं. गेल्या वर्षीचं कमिशन आता ३०,००० दिसतं. ६,००० रुपये नाहीसे झाले. कुणी चोरी केली नाही, कुठली घटना पुसली गेली नाही, प्रोग्रामने एकही त्रुटी दाखवली नाही. आणि कॅशिंग केलं असेल तर हा चुकीचा आकडा पूर्वीपेक्षा लवकर तयार झाला, एवढाच फरक.

उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाला ६,००० ही किरकोळ रक्कम नाही. तो संस्थेत येऊन म्हणेल की माझा हिशेब वेगळा आहे. काउंटरवरचा कर्मचारी स्क्रीनकडे बोट दाखवील. स्क्रीनशी वाद घालण्याची ताकद त्या एजंटकडे नसते. म्हणून ही केवळ कारागिरीची बाब आहे, असं आम्ही मानत नाही.

दोष कुठे आहे? ‘खाते अमुक, एजंट अमुक, रुपये ५०, वेळ अमुक’ हे वाक्य शिल्लक काढण्यासाठी पुरं आहे. कमिशन काढण्यासाठी ते अपुरं आहे. त्याची आकांक्षा शमलेली नाही. ‘कोणत्या दराने?’ हा प्रश्न ते वाक्यच उभं करतं आणि उत्तर देत नाही. मग प्रोजेक्शन उत्तर शोधत फिरतं. हे फिरणं आपल्याला वाचनांच्या संख्येत दिसतं. तापमापीत पारा चढलेला दिसावा, तसं. पारा खाली आणण्याचे उपाय आपल्याकडे भरपूर आहेत. ताप कशाने आला, हे विचारणारे कमी.

फाउलर यांच्या त्या लेखाला इथे न्याय दिला पाहिजे. त्यात बाहेरच्या यंत्रणेला विचारलेल्या प्रश्नांचा स्वतंत्र विचार आहे. चलनाचा विनिमय दर एका तारखेला विचारला आणि तीच घटना काही दिवसांनी पुन्हा चालवली, तर पहिल्या तारखेचाच दर मिळायला हवा, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेरून मिळालेली उत्तरं साठवून ठेवण्याचा मार्गही सुचवला. वाचकांनी मात्र त्यातून ‘बाहेरचं विचारताना जपून’ एवढाच बोध घेतलेला दिसतो. आपल्याच डेटाबेसमधलं शेजारचं टेबल त्यांना घरचं वाटतं. पण काळाच्या दृष्टीने ते टेबलही बाहेरचंच आहे. ते वर्तमानात राहतं आणि घटना भूतकाळात. हे अंतर दोन शहरांतल्या सर्व्हरांपेक्षा मोठं आहे.

उपाय काय? दर ठरला त्या क्षणी जो दर लागू होता, तो घटनेतच लिहा. ‘रुपये ५०, कमिशन दर तीन टक्के.’ एक आकडा वाढला आणि १५० वाचनं संपली. आणि यावेळी ती संपली कारण विचारण्याची गरजच उरली नाही.

योग्यता: काय लिहायचं, काय नाही

यावर लगेच आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मग घटनेत सगळंच कोंबायचं का? खातेदाराचं नाव, पत्ता, फोन, शाखेचा पत्ता, व्यवस्थापकाचं नाव? घटना फुगत जाईल. शिवाय न पुसता येणाऱ्या नोंदीत माणसाची खाजगी माहिती घालणं धोक्याचं आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. रोजकिर्दीच्या लाखो ओळींत नाव पेरून ठेवलं तर तो हक्क बजावता येणार कसा?

इथे तिसरी कसोटी लागते, योग्यता. विस्तवाने शिंपणं हे त्याचं शास्त्रातलं जुनं उदाहरण. शब्द व्याकरणाने जुळतात, पण अर्थ एकमेकांना बाधतात. गेल्या वर्षीच्या भरण्याला या वर्षीचा दर लावणं हे याच जातीचं आहे. टेबलं जुळतात, अर्थ जुळत नाही.

आम्ही एकच प्रश्न सुचवतो. ही माहिती उद्या बदलली, तर कालच्या घटनेचा अर्थ बदलला पाहिजे का?

दर बदलला, तर कालच्या कमिशनचा अर्थ बदलता कामा नये. म्हणून दर घटनेत. व्याजाचा दर, करांचा दर, ठरलेली किंमत, मंजुरी देणाऱ्याचं पद, ही सगळी याच बाजूला.

खातेदाराचं नाव बदललं, तर अहवालावर नवं नावच दिसायला हवं. म्हणून नाव घटनेत नको. पण मग ते प्रोजेक्शनमध्ये तरी कशाला? खाते क्रमांक ठेवा आणि अहवाल दाखवताना, पाहणाऱ्याच्या क्षणी, नाव जोडून घ्या. दिवसाला दोनदा उघडल्या जाणाऱ्या अहवालासाठी दिवसाला दोन क्वेऱ्या. नावाची ती १५० वाचनं मुळात चुकीच्या माणसाकडून करून घेतली जात होती. खतावणीच्या कारकुनाने नावं शोधायची नसतात. ते वाचणाऱ्याच्या वेळचं काम आहे.

म्हणजे आपल्या ७५० वाचनांचा हिशेब असा लागतो. ४५० एकत्र करून तीन झाली. दराची १५० नोंद पुरी लिहून संपली. नावाची १५० योग्य जागी हलली. तिन्ही ठिकाणी आकडा खाली आला, पण कारणं तीन वेगवेगळी होती. ‘वाचनं कमी करा’ एवढाच आदेश घेऊन बसलेल्या माणसाला ती वेगळी दिसत नाहीत. तो तिन्हीकडे हाताशी प्रत ठेवतो, आणि मधल्या ठिकाणी चूक कायम करतो.

‘घटना म्हणजे सत्य’ या घोषवाक्याविषयी

आता मुळाशी जाऊ. या पद्धतीच्या प्रचारात एक वाक्य सारखं ऐकू येतं: घटना म्हणजे घडून गेलेलं सत्य, ते बदलत नाही. आम्हाला हे वाक्य पटत नाही. घडलं ते बदलत नाही, हे ठीक. पण आपण जे साठवतो ते घडलेलं नसतं, घडल्याचं निवेदन असतं. न्यायशास्त्राच्या भाषेत ते शब्द आहे, प्रत्यक्ष नव्हे. शब्द प्रमाण मानायचा तर तो आप्ताचा हवा, म्हणजे जाणणाऱ्याचा आणि जसं आहे तसं सांगणाऱ्याचा. ज्याने दर माहीत असून लिहिला नाही, त्या नोंदीने खोटं सांगितलं नाही. पण पुरतं सांगितलं नाही. नंतर येणाऱ्याला तिने दुसऱ्या साक्षीदाराकडे पाठवलं, आणि तो दुसरा साक्षीदार त्या दिवशी तिथे हजर नव्हता.

‘घटना म्हणजे सत्य’ म्हटलं की लिहिणाऱ्यावरची जबाबदारी हलकी होते. सत्य आपोआप घडतं, त्याची रचना कोण करतो? ‘घटना म्हणजे निवेदन’ म्हटलं की विचारावं लागतं: कुणी केलं, त्याला तेव्हा काय माहीत होतं, त्यातलं काय सांगितलं, काय गाळलं. आमच्या मते घटनेचा आराखडा ठरवताना बसायला हवं ते हिशेबनिसाला, एजंटला आणि तपासनिसाला घेऊन. आजच्या बऱ्याच कार्यालयांत तो आराखडा प्रोग्रामर एकटाच ठरवतो. ज्यांना ती नोंद पुढे पुरावा म्हणून लागणार आहे, त्यांना ती लिहिताना विचारलं जात नाही.

श्रोत्यांकडून आलेला प्रश्न

एक चिठ्ठी आली आहे. ‘आमच्याकडे अशा अर्धवट घटना लाखोंनी साठल्या आहेत. आता काय करावं?’

प्रश्न कामाचा आहे. पहिली गोष्ट, जुन्या नोंदी उघडून त्यात आज दर भरू नका. जुन्या आकाराची घटना वाचताना तिला नव्या आकारात बसवण्याची रीत आहे, तिला अपकास्टिंग म्हणतात. रीत चांगली आहे, पण तिथे ‘दर नसेल तर अडीच टक्के धरा’ असं लिहिलंत, तर कालच्या साक्षीदाराच्या तोंडी आजचे शब्द घातलेत.

दुसरी गोष्ट, दराचाही इतिहास घटना म्हणूनच नोंदवा. ‘अमुक तारखेपासून दर तीन टक्के’, ‘अमुक तारखेपासून अडीच’. संस्थेचे ठराव, परिपत्रकं कपाटात असतात, त्यावरून हे भरता येतं. प्रोजेक्शन भरण्याच्या घटना ऐकतं तशा दराच्याही ऐकेल, दर लागू होण्याच्या तारखांचा छोटा तक्ता स्वतःजवळ ठेवील, आणि भरण्याच्या तारखेला लागू असलेला दर त्यातून घेईल. शेजारच्या टेबलाला विचारायला जाणार नाही. तक्ता इतका छोटा असतो की तो सगळाच्या सगळा स्मरणात मावतो. वाचनं शून्य, आणि रिप्ले कधीही केला तरी उत्तर तेच.

तिसरी गोष्ट, जिथे कागद मिळत नाही, तिथे आकडा अंदाजाचा आहे अशी खूण त्या आकड्यासोबत ठेवा आणि स्क्रीनवर दाखवा. अंदाजाला अंदाज म्हणण्यात कमीपणा नाही.

आणि तपासणी कशी करायची, असंही चिठ्ठीत खाली विचारलं आहे. सोपी आहे. चालू खातेवहीला हात न लावता शेजारी दुसरी खातेवही रोजकिर्दीवरून बांधा आणि दोन्ही ताडून पाहा. फरक पडला, तर कुठलं तरी प्रोजेक्शन आजच्या जगाला कालचे प्रश्न विचारतं आहे, किंवा कुणीतरी मधे हाताने दुरुस्ती केली आहे. वाचनं कमी केल्यावर पुनर्बांधणी पाच तासांवरून काही मिनिटांवर आली, तर ही तपासणी महिन्याला करता येईल. वेगाचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. रोजकिर्दीवरून खातेवही निघते, हे म्हणणं महिन्याला एकदा पडताळून पाहता यावं.

वेळ संपत आली आहे. जाताना एवढंच सांगतो: तुमच्या यंत्रणेतल्या प्रोजेक्शनची वाचनं मोजायला बसाल, तेव्हा आकड्याशेजारी एक रकाना जास्तीचा आखा. त्यात प्रत्येक वाचनापुढे लिहा: स्वतःचं आठवण्यासाठी, दुसऱ्याला विचारण्यासाठी, की पाहणाऱ्याला दाखवण्यासाठी. पहिली एकत्र करा, तिसरी जागेवर हलवा. दुसरी दिसली, की डेटाबेस बाजूला ठेवा आणि ज्याच्या व्यवहाराची ती नोंद आहे त्या माणसाला बोलावून घ्या.